सत्त्याण्णव, ब्याऐंशी

१

सोमवारी सकाळी साडेनऊला सात नंबरच्या खाटेवरून किंकाळी आली. मी औषधांच्या ट्रॉलीपाशी होते. धावत गेले तर आजोबांचे ओठ निळे पडलेले, आणि त्यांची लेक खांद्याला धरून त्यांना गदागदा हलवत होती. उशाशी ठेवलेल्या छोट्या मॉनिटरवर मात्र हिरवे आकडे शांतपणे चमकत होते. रक्तातला प्राणवायू सत्त्याण्णव. नाडी ब्याऐंशी. त्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर आजोबा ठणठणीत होते.

आजोबा गवंडी. आयुष्यभर सिमेंटची धूळ खाल्लेल्या फुप्फुसाचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. मी ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना हाक मारली, शेजारच्या खाटेवरचा मॉनिटर ओढून त्याचा चिमटा आजोबांच्या बोटाला लावला. आकडा आला एकाहत्तर. हात चालत राहिले. बावीस वर्षांच्या नोकरीत हात आपोआप चालायला शिकतात.

आजोबा वाचले. पंधरा मिनिटांनी ओठांवर रंग आला, अर्ध्या तासाने त्यांनी लेकीला विचारलं, "रडतेस कशाला गं?"

मी रडायला मोकळी झाले ती दुपारी, मेट्रनच्या खोलीत.

मेट्रन बाई म्हणजे आम्हा नर्सांच्या मुख्य. शिस्तीच्या, पण अन्याय करणाऱ्या नव्हेत. त्यांनी माझी नोंदवही उघडून माझ्यापुढे सरकवली. साडेआठची ओळ: सत्त्याण्णव, ब्याऐंशी. मग आजोबांना एक्सरेला नेलं. नऊ वीसला ते परत आले, त्याची ओळ: सत्त्याण्णव, ब्याऐंशी.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "दहा मिनिटांत माणूस सत्त्याण्णववरून एकाहत्तरवर घसरतो का? तुम्ही नऊ वीसला मॉनिटर पाहिलाच नाहीत. वरची ओळ खाली उतरवलीत."

"मी पाहिला, बाई. पाहूनच लिहिलं."

"मग दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या कशा?"

मंगळवारी मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला, यंत्र तपासलं आणि लिहून गेला: यंत्रात दोष नाही. शुक्रवारी चौकशी ठरली. तोवर मी सस्पेंड.

२

बुधवारी सकाळी मी घरी भांडी घासत असताना फोन वाजला. "मेट्रन बाई बोलतेय. कंपनीकडून कोणीतरी आल्या आहेत. त्यांना तुम्हीच हव्या आहेत म्हणे."

आजोबांना सोमवारीच अतिदक्षता विभागात हलवलं होतं. वॉर्डात गेले तर त्यांच्या रिकाम्या सात नंबरच्या खाटेजवळ, पेशंटच्या नातेवाइकांसाठी असतं त्या स्टुलावर, पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. केस बारीक कापलेले, गळ्यात चष्म्याची दोरी, मांडीवर लॅपटॉप. मला पाहून त्या झटकन उठल्या आणि फरशीवर घसरता घसरता वाचल्या. खाटेची कड धरून म्हणाल्या, "अरे बापरे, काय गुळगुळीत फरशी आहे तुमची! तोंड दिसतंय त्यात."

"तुम्ही काल का नाही आलात?" मी विचारलं. माझा सूर जरा तिखटच होता.

"मला पाठवलंच नव्हतं. आजही कोणी पाठवलेलं नाही, रजा टाकून आलेय. कालचा अहवाल वाचला, त्याला तुमच्या नोंदवहीचा फोटो जोडला होता. तुमच्या त्या दोन ओळी पाहिल्या आणि राहवेना."

त्या त्याच मॉनिटरच्या ड्रायव्हरचं काम बघायच्या. ड्रायव्हर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे अँब्युलन्स आली. त्यांनी हसून समजावलं. मॉनिटरला डोकं असतं आणि बोटातली नाडी टिपणारा एक भाग असतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मध्ये जो छोटा प्रोग्राम दोघांत निरोप्याचं काम करतो तो ड्रायव्हर.

"आणि त्यातलं माझं काम अजून छोटं," त्या म्हणाल्या. "यंत्र झोपतं कसं आणि उठतं कसं, एवढंच मी बघते. ऑफिसात मला अंगाईताई म्हणतात. आमच्या भाषेत झोपण्याला सस्पेंड म्हणतात. बहुतेक यंत्रांचं दुखणं एकच, सस्पेंड नीट होतात, पण पुन्हा कामावर रुजू होताना घोळ होतो."

"माझंही तेच आहे," मी म्हटलं.

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या मोठ्याने हसल्या की पाच नंबरच्या आजी जाग्या झाल्या.

मग प्रश्न सुरू झाले. कोणी पोलीस विचारतो तसे नाहीत. "सोमवारी सकाळची गोष्ट सांगा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मी थांबले की, "आणि मग?" साडेआठला आकडे लिहिले. आणि मग? चिमटा काढला, झोपेचं बटण दाबलं. आणि मग? आजोबांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, वॉर्डबॉय घेऊन गेला. नऊ वीसला परत आले. बटण दाबून मॉनिटर उठवला, चिमटा बोटाला लावला, आकडे दिसले, लिहिले.

"चार्जरचा प्लग भिंतीत होता?"

"होता. मी नेहमी बघते. शपथेवर सांगते."

"साडेआठला होता आणि नऊ वीसलाही होता?"

"दोन्ही वेळा."

त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. त्या वहीत उत्तरं नव्हती, फक्त प्रश्न होते, हे मला नंतर कळलं. मग त्यांनी मॉनिटर झोपवला, उठवला, आपल्या बोटाला चिमटा लावला. बरोबर. पुन्हा झोपवला, उठवला. बरोबर. असं पन्नास वेळा. यंत्र एकदाही चुकलं नाही.

त्यांनी चष्मा काढला. "हा गडी तर शहाण्यासारखा वागतोय."

"म्हणजे मीच खोटी?"

"एक सांगा. आजारी माणूस खुर्चीत बसून एक्सरेला जातो, टेबलावर चढतो, उतरतो, धापा टाकत परत येतो. त्याची नाडी ब्याऐंशीची ब्याऐंशीच राहील?"

"शक्यच नाही. शंभरच्या वर जायला हवी."

"हे बावीस वर्षं नर्स असलेल्या बाईला कळतं," त्या हळूच म्हणाल्या. "खोटी नोंद करायची असती तर तुम्ही अठ्ठ्याण्णव, शहाण्णव असं काहीतरी लिहिलं असतं. कोणाला संशय आला नसता. हुबेहूब आकडे माणूस लिहितो ते समोर दिसतात म्हणूनच. तुम्ही जे दिसलं ते लिहिलंत. प्रश्न हा आहे, की त्या पडद्यावर पन्नास मिनिटांपूर्वीचा आकडा काय करत होता?"

गेल्या दोन दिवसांत माझ्यावर विश्वास ठेवणारं पहिलं माणूस ते. मी खिडकीकडे वळून पदर डोळ्यांना लावला.

३

हॉस्पिटलच्या यंत्रांची दुरुस्ती करणारे एक गृहस्थ तळमजल्यावर बसायचे. खिशात सतत पक्कड, म्हणून सगळे त्यांना पक्कडकाका म्हणायचे. अंगाईताईंना बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"बॅटरी मी बदलली," ते आपणहून म्हणाले. "गेल्या आठवड्यात. सात नंबरच्या मॉनिटरची. पण अस्सल बॅटरी आहे, बाई. खोकं दाखवतो."

"दाखवू नका. बॅटरी उत्तम आहे, मी मोजली. पण तुम्ही घाबरलात का?"

पक्कडकाका पक्कड उघडमीट करत राहिले. "गेल्या वर्षभरात दोनदा वॉर्डातून तक्रार आली होती. आकडा अडकलाय म्हणून. मी वर गेलो, पूर्ण बंद केलं, चालू केलं. झालं सुरळीत. मग कागद कशाला करायचा?"

"कोणकोणता मॉनिटर?"

"एकदा तीन नंबरचा, एकदा सातचा. दोन्ही भिंतीच्या त्याच बाजूचे."

अंगाईताई एकदम ताठ बसल्या. "पूर्ण बंद करून चालू केल्यावर ठीक झालं?"

"लगेच."

"काका, तुम्ही मला केवढी मोठी गोष्ट दिलीत ते तुम्हाला माहीत नाही," असं म्हणून त्या जिन्याकडे निघाल्या. गुडघा दुखत होता त्यांचा, तरी दोन-दोन पायऱ्या चढत होत्या.

वर येऊन त्या सात नंबरच्या खाटेखाली चक्क आडव्या झाल्या. मेट्रन बाई दारातून बघत होत्या. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मला लांबूनही मोजता आल्या असत्या.

"सिस्टर," खाटेखालून आवाज आला, "या बाजूला तीन आणि सात नंबरजवळच बटणाचा बोर्ड आहे. बाकी खाटांना लांब वायर जोडल्या आहेत. बरोबर?"

"बरोबर."

"आणि या बोर्डाला मेण लागलंय. पांढरं, ताजं, बोटांच्या ठशांसकट. मॉनिटरच्या प्लगलासुद्धा. नर्सांच्या हाताला मेण कुठून आलं?"

मी फरशीकडे पाहिलं. तोंड दिसत होतं त्यात. त्या फरशीला मेणाचं पॉलिश करणारं माणूस या वॉर्डात एकच होतं, आणि ती माझी सोळा वर्षांपासूनची मैत्रीण होती.

४

सफाईच्या मावशी मागच्या जिन्यात बसून चहा पीत होत्या. आम्हा दोघींना बघून त्यांनी कप खाली ठेवला. मी काही बोलायच्या आतच त्यांच्या डोळ्यांतून धार लागली.

"सिस्टर, मी सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते."

"काय सांगणार होतात, मावशी?" अंगाईताई त्यांच्या शेजारी पायरीवर टेकल्या.

"फरशीच्या मशीनची वायर आखूड आहे. या बाजूला तीन आणि सातचाच बोर्ड. म्हणून मॉनिटरचा प्लग काढायचा, मशीन लावायची, झालं की प्लग परत लावायचा. पेशंट खाटेवर असताना मी कधीच हात लावत नाही. खाट रिकामी असेल, मॉनिटर झोपलेला असेल, तेव्हाच. पण वैद्यकीय प्लगला हात लावायचा नाही असा नियम आहे. कळलं तर मला काढून टाकतील."

"आणि मला सस्पेंड केलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात?" माझा आवाज चढला. "दोन दिवस, मावशी!"

त्यांनी मान खाली घातली. सोळा वर्षं आम्ही एका डब्यातून जेवलो होतो.

अंगाईताईंनी मग अगदी साधा प्रश्न विचारला. "रोज प्लग किती वेळ बाहेर असतो?"

"पाच मिनिटं. फार तर सात. नुसती पुसायची मशीन असते."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी महिन्याचं पॉलिश होतं. मेण लावायचं, वाळू द्यायचं, घासायचं. अर्धा तास तरी गेला असेल. सिस्टर यायच्या आत प्लग लावून टाकला."

आम्ही वर आलो. अंगाईताईंचा चेहरा उजळला होता. मॉनिटर झोपवला, प्लग काढला, एक मिनिट थांबल्या, प्लग लावला, मॉनिटर उठवला, बोटाला चिमटा. अठ्ठ्याण्णव, शहात्तर. चिमटा काढला, आकडे गेले. सगळं बरोबर. पुन्हा केलं. पुन्हा बरोबर. दहा वेळा केलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "प्लगने काही बिघडत नाही."

मेट्रन बाई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. "झालं का समाधान?" त्यांनी विचारलं. "शुक्रवारच्या चौकशीत मला काय लिहायचं ते मी लिहू ना मग?"

५

अंगाईताईंनी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

पलीकडे त्यांचा सहकारी होता. ऑफिसात त्याला चित्ता म्हणायचे, कारण तो प्रत्येक गोष्ट वेगवान करायचा. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांची तक्रार होती, की मॉनिटर उठायला फार वेळ लावतो. चित्त्याने तो वेळ निम्म्यावर आणला होता. कंपनीत त्याचं फार कौतुक झालं होतं.

"काय काढून टाकलंस रे तेव्हा?" अंगाईताईंनी विचारलं.

"ताई, आधी उठल्यावर प्रत्येक वेळी आपण नाडीच्या भागाला सगळ्या सूचना पुन्हा पाठवायचो. प्रकाश किती टाकायचा, किती वेळाने मोजायचं, सगळं. त्यात दीड सेकंद जायचा. मी पाहिलं, की झोपेतून उठल्यावर त्या भागाला सगळं आठवत असतं. मग पुन्हा कशाला सांगायचं?"

"आठवतं हे कशावरून ठरवलंस?"

"चाचणी घेतली ना! चार्जरवर घेतली, बॅटरीवर घेतली. दोन हजार वेळा झोपवलं, दोन हजार वेळा उठवलं. एकदाही विसरला नाही."

"दोन हजार वेळा. किती दिवस लागले?"

"दिवस कसले? सकाळी नऊला लावलं, दोनला जेवायला गेलो तेव्हा झालं होतं."

अंगाईताईंची बोटं कठड्यावर हिशोब करत होती. नऊ ते दोन, पाच तास. पाच तासांचे अठरा हजार सेकंद. भागिले दोन हजार.

"नऊ सेकंद," त्या म्हणाल्या. "तू त्याला दर वेळी झोपू दिलंस किती? चार-पाच सेकंद. उठवून तपासायला तेवढेच. अरे, त्याची पापणी मिटायच्या आत तू त्याला हाक मारत होतास!"

मग चित्ता म्हणाला, "ताई, मी निघतो. दोन तासांत पोचतो."

त्या वळल्या तेव्हा मी पाहिलं, हा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. शस्त्रक्रियेआधी आमचे सर्जन हात धुताना जसे दिसतात तशा त्या दिसत होत्या.

"सिस्टर, अर्धा तास आहे तुमच्याकडे? आणि मेट्रन बाईंना म्हणावं, कृपा करून इथेच बसा."

६

पावणेबाराला अंगाईताईंनी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. सत्त्याण्णव, चौऱ्याहत्तर. मेट्रन बाईंनी तो आकडा स्वतःच्या अक्षरात लिहून घेतला. मग मॉनिटर झोपवला आणि प्लग काढला.

आम्ही तिघी बसून राहिलो. वॉर्डात रुग्णांची जेवणं आली, भांड्यांचा आवाज झाला, पाच नंबरच्या आजींनी मीठ कमी असल्याचं जाहीर केलं. मावशी दारात उभ्या होत्या, आत यायचं धाडस होत नव्हतं. मी खूण करून त्यांना आत बोलावलं. राग गेला नव्हता, पण त्यांना असं दारात ताटकळत ठेवणंही मला जमेना.

बारा वाजून पंधरा मिनिटांनी मावशींनीच, अंगाईताईंच्या सांगण्यावरून, प्लग परत लावला. "आता सिस्टर, सोमवारसारखंच करा."

मी बटण दाबलं. पडदा उजळला. "चिमटा तुमच्या बोटाला लावा," त्या म्हणाल्या. मी लावला.

सत्त्याण्णव, चौऱ्याहत्तर.

"माझी नाडी चौऱ्याहत्तर नाही," मी म्हटलं. माझी छाती इतकी धडधडत होती की मला कानांत ठोके ऐकू येत होते. मेट्रन बाईंनी माझं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. "एकशे आठ," त्या पुटपुटल्या.

"आता चिमटा काढा."

मी काढला. अंगाईताईंनी तो उशीच्या कोपऱ्याला लावला.

सत्त्याण्णव, चौऱ्याहत्तर.

त्या उशीला नाडी होती. रक्तात उत्तम प्राणवायू होता. हिरवे आकडे सोमवारसारखेच शांत चमकत होते. मावशींनी तोंडावर हात ठेवला. मेट्रन बाईंनी माझी नोंदवही मागवली, नऊ वीसच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

७

चित्ता पोचला तेव्हा तो धापा टाकत होता. नावाला शोभेल असा काही नव्हता, चाळिशीचा, जाडसर, जाड भिंगांचा चष्मा. तो आधी माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"सिस्टर, ती ओळ मी काढली होती."

मी "बसा," म्हटलं. "पाणी घ्या."

मग अंगाईताईंनी आम्हा सगळ्यांना, मावशी आणि पक्कडकाकांनाही बसवून, सगळं उलगडून सांगितलं. पंखा बंद केला तरी पाती थोडा वेळ फिरत राहतात ना, तसं वीज तोडल्यावरही नाडीच्या त्या भागात थोडी वीज शिल्लक राहते. तेवढ्यावर त्याची आठवण टिकते. चार सेकंद झोपवलं, आठवण शाबूत. एक मिनिट, शाबूत. मावशींची रोजची पाच-सात मिनिटं, तरी शाबूत. भिंतीत प्लग असेल तर विचारायलाच नको, त्याला वीज मिळतच राहते, तासभर झोपला तरी सगळं आठवतं.

"पण प्लग निघाला की मॉनिटर बॅटरी वाचवायला त्या भागाची वीज तोडतो. आणि झोप लांबली की आठवण पुसली जाते. कुठेतरी दहा-बारा मिनिटांच्या आसपास, असा माझा अंदाज. पुढे प्लग परत लावला तरी काय उपयोग? वीज आली, पण आपलं काम काय ते तो विसरलेला. तो गप्प बसून राहतो. आणि आपला ड्रायव्हर? त्याला नवा निरोप मिळत नाही, म्हणून तो जुनाच निरोप पडद्यावर तसाच ठेवतो."

"महिन्यातून एकदा पॉलिश," मेट्रन बाई सावकाश म्हणाल्या, "त्या वेळी या बाजूची खाट रिकामी, आणि मॉनिटर झोपलेला."

"एवढं सगळं जुळून यावं लागतं. म्हणून वर्षात दोन-तीनदाच. आणि काकांनी किंवा काल आलेल्या आमच्या माणसाने बंद करून चालू केलं की नवी सुरुवात, म्हणून सगळ्या सूचना पुन्हा जायच्या आणि पुरावा नाहीसा व्हायचा."

"म्हणजे माझ्यामुळेच झालं," मावशी म्हणाल्या.

"नाही, मावशी. माणसं वावरतात तिथे प्लग निघणारच. उद्या कोणाचा पाय अडकेल, परवा वीज जाईल. प्लग निघाल्यावर खोटं बोलणारं यंत्र आम्ही बनवलं. चूक आमची आहे."

त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. कंपनीचे साहेब. कुठूनतरी बातमी पोचली होती. अंगाईताईंनी शांतपणे सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. "आपल्या चौकटीत", "वापरातली त्रुटी", "शुक्रवारनंतर बघू", असे तुकडे ऐकू आले.

"साहेब," अंगाईताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जराही चढला नाही, "हा गडी दोनशे वॉर्डांत आहे. आत्ता, या मिनिटाला, कुठल्या वॉर्डात कोणाच्या उशाशी जुना आकडा चमकतोय ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. आज संध्याकाळच्या आत सगळ्यांना कळवायचं, की याला झोपवू नका, लागेल तेव्हा पूर्ण बंद करून चालू करा. तुम्ही कळवता की मी कळवू?"

पलीकडून काहीतरी छोटं उत्तर आलं. त्यांनी फोन ठेवला आणि चित्त्याला म्हणाल्या, "कळवतायत. चल, आपण कामाला लागू."

८

गुरुवारचा दिवस त्या दोघांनी आमच्या जेवणाच्या खोलीत काढला. मेट्रन बाईंनी स्वतः टेबल रिकामं करून दिलं. मी डोकावले तेव्हा तीन मॉनिटर ओळीने झोपलेले होते, प्रत्येकापुढे चिठ्ठी: दहा मिनिटं, वीस मिनिटं, पाऊण तास. कोणाचा प्लग आत, कोणाचा बाहेर. एकाचा प्लग चित्ता मध्येच काढून मध्येच लावत होता. त्याचा शर्ट चुरगळलेला, पण चेहरा हलका.

"बारा मिनिटं," तो मला म्हणाला. "अकरापर्यंत आठवतं, बाराला विसरतो. ताईंनी नुसत्या अंदाजाने सांगितलं होतं."

"आता काय बदललंत?" मी विचारलं.

"फार थोडं," अंगाईताई म्हणाल्या. "उठल्यावर त्या भागाला काहीच आठवत नाही असं धरून चालायचं. सगळं पहिल्यापासून सांगायचं. दीड सेकंद जास्त लागेल, लागू दे. आणि त्याच्याही आधी एक गोष्ट. डोळे उघडल्या उघडल्या जुना आकडा पुसून टाकायचा. नवा आकडा खरोखर बोटातून येईपर्यंत पडद्यावर नुसत्या दोन रेघा. मध्येच नवे निरोप यायचे थांबले, तरी पुन्हा रेघा."

माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण या दुसऱ्या गोष्टीत होतं. पहिली कोणत्याही हुशार माणसाने केली असती. पण ठाऊक नसताना 'ठाऊक नाही' म्हणायला यंत्राला शिकवावं, हे सुचायला वेगळं माणूस लागतं. आमच्यातले कित्येक मोठे डॉक्टर अजून शिकलेले नाहीत.

शुक्रवारची चौकशी वीस मिनिटांत आटोपली. अंगाईताईंनी उशीचा प्रयोग पुन्हा करून दाखवला, जुन्या मॉनिटरवर आणि मग दुरुस्त केलेल्यावर. अहवालात त्यांनी लिहिलं होतं: नर्सची नोंद अचूक होती, यंत्राचा आकडा चुकीचा होता. मावशींबद्दल एवढंच, की प्लग काही काळ निघालेला होता आणि असं होणं स्वाभाविक आहे. मेट्रन बाईंनी त्याखाली आपल्या हाताने एक ओळ घातली, की वॉर्डात फरशीच्या मशीनसाठी वेगळा बोर्ड आजच बसवावा. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सिस्टर, उद्यापासून सकाळची ड्युटी. मी तुमचं ऐकायला हवं होतं." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे किती, ते आमच्या वॉर्डात विचारा.

मावशी आणि मी अजून पहिल्यासारख्या झालेलो नाही. जेवायला बसतो एकत्र. होईल हळूहळू.

दुपारी अंगाईताई जायला निघाल्या तेव्हा आजोबा सात नंबरवर परत आले होते आणि लेकीच्या आधाराने खाटेवर उठून बसले होते. त्यांना अंगाईताईंनी सगळी हकिकत सांगितली, त्यांच्याही पुढे चूक कबूल केली. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भिंत तिरकी गेली तर आम्हीसुद्धा पाडून परत बांधतो, बाई. मग घर पक्कं होतं." आणि दुरुस्त मॉनिटरसाठी बोट पुढे केलं.

मी बटण दाबलं. पडद्यावर दोन रेघा आल्या. चित्ता, मेट्रन बाई, लेक, आम्ही सगळे त्या रेघांकडे बघत होतो. दीड सेकंद किती मोठा असतो ते मला तेव्हा कळलं. मग आकडे आले. पंच्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. मी आजोबांचं मनगट धरून मोजलं. अठ्ठ्याऐंशी.

अंगाईताईंनी पिशवीतून एक कागद काढला. नवा ड्रायव्हर सगळ्या वॉर्डांत जायच्या आधी चाचणी केल्याचा दाखला. खाली दोन सह्यांच्या जागा होत्या. चित्त्याने पेन काढलं, तर त्यांनी त्याचा हात अडवला आणि कागद माझ्यापुढे धरला.

"पहिली सही यांची."

"अहो, मला यातलं काय कळतं?"

"आकडा खरा आहे का ते मनगट धरून कोणी पाहिलं? तुम्ही. मग?"

मी सही केली. हुद्द्याच्या रकान्यापाशी अडखळले. "इथे काय लिहू?"

"जे आहात ते लिहा."

मी लिहिलं, नर्स. अक्षर जरा वाकडं आलं. त्यांनी शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला, घडी केली नाही, आणि तसाच सरळ धरून जिना उतरत गेल्या.